जायचंय, पण केवायसी राहिलीय

मार्च २०२६ अखेर राज्याच्या डोक्यावर ९ लाख ३२ हजार कोटी रुपयांचं कर्ज असेल, असं २०२५-२६च्या अर्थसंकल्पात सरकारनं स्वतःच छापलं. ते वाचून कोथरूडच्या एका दिवाणखान्यात ठराव झाला, की आता महाराष्ट्रात राम उरला नाही, निघालेलं बरं. थोरल्यानं बेंगळुरू बघावं, धाकटीनं कॅनडा, आणि आपण दोघांनी गोव्यात छोटासा फ्लॅट. मग गोव्यातल्या फ्लॅटचे भाव कुणीतरी सांगितले आणि चर्चा मिसळीकडे वळली.

आणे पठारावर या प्रश्नाचा निकाल केव्हाच लागला आहे. निघायचे ते निघून गेले. तेही कर्जाचा आकडा वाचून नव्हे, विहिरीत डोकावून.

पठार ज्यांनी पाहिलं नाही त्यांच्यासाठी: आळेफाट्यावरून नगरच्या रस्त्याला लागा. (नगर नव्हे, अहिल्यानगर. नाव बदलायला पाणी लागत नाही, म्हणून ते काम झालं.) बेल्हे मागे पडलं, गुळुंचवाडीचा नैसर्गिक दगडी पूल मागे पडला की घाट, आणि घाट चढला की आणे. पेमदरा, नळावणे, शिंदेवाडी, व्हरुंडी, आनंदवाडी ही आजूबाजूची भावंडं. पावसाच्या भरवशावर बाजरी, मूग, कांदा. उन्हाळा तापला की टँकरची वाट.

आता गंमत बघा. आणे जुन्नर तालुक्यातलं, आणि जुन्नर-आंबेगाव म्हणजे धरणांचं माहेर. येडगाव, माणिकडोह, वडज, पिंपळगाव जोगे, डिंभे, कुकडी प्रकल्पाची पाचही धरणं याच दोन तालुक्यांत. त्यांचं पाणी शिरूरला जातं, पारनेरला जातं, श्रीगोंदा, कर्जत करत थेट सोलापूर जिल्ह्यातल्या करमाळ्यापर्यंत जातं. आण्याला येत नाही, कारण आणे वर आहे आणि कालवे खाली. पाण्यानं चढ चढावा यासाठी उपसा योजना लागते. तिची मागणी इतकी जुनी झाली, की ती आता मागणी राहिली नसून कुळाचार झाली आहे. दर निवडणुकीला तिची पूजा होते, नैवेद्य दाखवतात आणि पुन्हा देव्हाऱ्यात ठेवतात.

आणि शेजारच्या तालुक्याचं काय? तालुक्याला ज्याचं नाव, ते मूळ आंबेगावच डिंभ्याच्या पाण्याखाली गेलं. कचेऱ्या घोडेगावात. तिथल्या लोकांना राहावं की जावं हे कुणी विचारलं नव्हतं, थेट उत्तरच पाठवलं होतं. म्हणजे एका तालुक्यातली माणसं पाणी आलं म्हणून गेली, दुसऱ्यातली आलं नाही म्हणून. राज्यकर्त्यांना पक्षपाती म्हणण्याची सोय नाही.

कर्जाचा आकडा मी पठारावरच्या एका म्हाताऱ्या बाबांना सोपा करून सांगितला. राज्यात तेरा कोटी माणसं धरली तर माणशी साधारण ७२ हजार. बाबांनी तंबाखू मळता मळता विचारलं, "सोसायटीचं का पतसंस्थेचं?"

म्हटलं, "बाबा, राज्याचं."

"मग माफ होईल की."

यात त्यांची चूक काही नाही. २००८ला झालं, २०१७ला झालं, २०१९ला झालं. २०२४च्या विधानसभेआधी पुन्हा शब्द मिळाला होता. २०२५च्या मार्चमध्ये तेव्हाचे अर्थमंत्री अजित पवार यांनी सांगून टाकलं, की सोंगं सगळ्यांची आणता येतात, पैशाचं आणता येत नाही, अशा अर्थाचं काहीतरी, आणि ३१ तारखेच्या आत पीककर्ज भरा. ज्यांनी शब्दावर विसंबून हप्ता थांबवला होता ते थकबाकीदार झाले. ज्यांनी शब्द दिला होता ते निवडून आले होते. मग ऑक्टोबरात कर्जमाफीसाठी बच्चू कडूंचं आंदोलन झालं, समिती बसली आणि निर्णयाला ३० जून २०२६ ही तारीख मिळाली. कर्ज फेडायला मुदत फक्त शेतकऱ्याला असते. आश्वासनाला मुदतवाढ असते.

खरं बोलायचं तर राज्य काही भिकेला लागलेलं नाही. कोथरूडच्या दिवाणखान्यानं एवढं घाबरू नये. २०२५-२६च्या अंदाजात कर्ज राज्याच्या सकल उत्पन्नाच्या एकोणीस टक्क्यांच्या आसपास होतं, पंजाबसारख्या राज्यांची अवस्था याहून कितीतरी वाईट. २०२४-२५मध्ये राज्याचं दरडोई उत्पन्न ३ लाख ९ हजार ३४० रुपये होतं. हा आकडाही बाबांना सांगितला. त्यांनी सून, नातू आणि स्वतः असे तिघं मोजले, सव्वानऊ लाख होतात म्हणाले, आणि विचारलं, "मग आमचं कोण उचलतंय?"

या प्रश्नाचं उत्तर आर्थिक पाहणी अहवालात नाही. मी बघितलं.

दुखणं कर्जाच्या आकड्यात नाही, कर्ज कशासाठी काढलं यात आहे. २०२५-२६च्या अंदाजात महसुली तूट ४५ हजार ८९१ कोटी. म्हणजे धरण, रस्ता, शाळा बांधायला नव्हे, रोजचा घरखर्च चालवायलाच एवढे कमी पडतात आणि ते उसने आणायचे. व्याजापोटी ६४ हजार कोटींच्या वर. आणि 'लाडकी बहीण' योजनेसाठी ३६ हजार कोटी. शहरात कुठल्याही चहाच्या टपरीवर विचारा, राज्य कुणी बुडवलं? बहिणींनी. सावकाराला बहिणींच्या जवळपास दुप्पट जातात, पण सावकाराचा फोटो एसटीच्या मागे नसतो, त्यामुळे तो लक्षात येत नाही. आणि नागपूर ते गोवा शक्तिपीठ महामार्ग, तेव्हाच्या आखणीत ८०२ किलोमीटर, त्याच्या भूसंपादनाला जून २०२५मध्ये मंत्रिमंडळानं २० हजार ७८७ कोटी मंजूर केले. तो ज्यांच्या शेतातून जायचाय त्यांच्यातले कितीतरी नको म्हणून रस्त्यावर बसले. पठारावरची माणसं इतकी वर्षं पाणी द्या म्हणून बसली आहेत. मागायचं ते चुकलं बहुतेक. रस्ता मागायला हवा होता आणि मग नको म्हणायला हवं होतं.

आता बहिणींकडे येऊ, कारण खरी गोष्ट तिथेच आहे.

योजनेचे महिन्याचे पंधराशे रुपये चालू ठेवायचे तर ई-केवायसी करा, असा हुकूम २०२५च्या सप्टेंबरात निघाला. बाईचा आधार क्रमांक टाकायचा, तिच्या मोबाइलवर ओटीपी येणार. मग नवऱ्याचा किंवा वडिलांचा आधार क्रमांक टाकायचा, त्यांच्या मोबाइलवर ओटीपी येणार. मंत्रालयात बसून हे फार सरळ दिसत असणार, कारण तिथल्या हिशेबात नवरा-बायको एका घरात राहतात.

पठारावर काय होतं ते बघा. बाई सकाळी रानात. रेंज घराच्या मागच्या चढावर, तीही वारा असला तर. नवरा वाशीच्या कांदा-बटाटा मार्केटात पाठीवर गोण घेऊन. ती चढावर उभी राहून फोन लावते, तो उचलत नाही, कारण गोण पाठीवर आहे. उचलतो तेव्हा साइट बंद. साइट चालू होते तेव्हा ओटीपी त्याच्याकडे पडतो, पण तो आकडे वाचणार तोवर मुकादमाची हाक येते. "अहो, मधला आकडा सात की एक?" "सात! नाही, थांब, चष्मा…" वेळ संपली. पुन्हा पाठवा. तिसऱ्या खेपेला ती म्हणते, "तुम्ही एक दिवस गावी या, ते सोपं पडेल." तो म्हणतो, "यायला-जायला किती लागतात माहितीय? आणि दिवसाची मजुरी?" हिशेब होतो. एका महिन्याच्या पंधराशेसाठी एक खाडा आणि दोन्ही वेळचं भाडं. तरी तो येतो, कारण पुढचे महिने आहेत. मुदत नोव्हेंबरातून डिसेंबर अखेरपर्यंत वाढवली, तेव्हा गावाकडे आलेले कितीतरी नवरे हे ओटीपी घेऊन आले होते. पूर्वी मुंबईकर येताना पाव-बटर आणायचे.

नवरा मुंबईला का गेला, हा प्रश्न अर्जात नाही. बाई महाराष्ट्राची रहिवासी असावी, ही अट मात्र पहिली आहे. म्हणजे राज्य सोडायचं की नाही यावर सरकारचं अधिकृत मत तयार आहे: राहिलात तर पंधराशे. निवडणुकीआधी एकवीसशेचाही शब्द होता, पण राहणाऱ्यानं फार लोभ धरू नये.

आता त्याच नवऱ्याचा धाकटा भाऊ घ्या. तो चाकणला एका कारखान्यात कंत्राटी. त्याच्या पगाराच्या चिठ्ठीत दर महिन्याला एक ओळ असते: व्यवसाय कर, २०० रुपये. फेब्रुवारीत ३००. वर्षाला अडीच हजार. त्यानं कधी विचारलं नाही हे कशाचे, आणि कंत्राटदारानं कधी सांगितलं नाही. सांगायला हवं, कारण असा विनोद सरकारी कागदावर रोज सापडत नाही.

बहात्तरचा दुष्काळ पठारावरच्या म्हाताऱ्यांना अजून तारखेसारखा लागतो. लाल मिलो, सुकडी, आणि बायाबापड्या खडी फोडताना. त्या काळात वि. स. पागे यांनी रोजगार हमीची कल्पना लावून धरली. गावातल्या माणसाला गावातच काम, मागेल त्याला. पैसा कुठून आणायचा? १९७५मध्ये शहरातल्या कमावत्यांवर व्यवसाय कर बसवला. लोकांनी जेवढा भरला तेवढीच भर सरकारनं घालायची. हमीचा कायदा १९७७चा, लागू झाला २६ जानेवारी १९७९ला. माणसानं पोटासाठी गाव सोडू नये म्हणून शहरानं वर्गणी काढावी, असं त्याचं साधं रूप. देशाची रोजगार हमी पुढे त्याच वाटेनं गेली. त्यात वाईट काही नव्हतं. फार थोड्या वेळा या राज्यानं राहणाऱ्याची बाजू घेतली, त्यातली ही एक.

आज आण्याचा पोरगा चाकणला बसून दर महिन्याला २०० रुपये त्या कराचे भरतो, जो आण्याच्या पोराला आण्यातच काम मिळावं म्हणून बसवला होता. कर राहिला, पोरगं गेलं. गावात हमीच्या कामावर २०२५-२६चा दर होता दिवसाला ३१२ रुपये, तोही मस्टर निघालं तर. थोडक्यात, दिराकडून घेतलेले दोनशे आणि वहिनीला दिलेले पंधराशे, दोन्ही एकाच घरातले. घरातला पैसा घरातच राहतो, फक्त मंत्रालयावरून फिरून येतो आणि येताना फोटो चिकटवून येतो.

ज्याला गाव सोडायचं नव्हतं त्याला सोडायला लागतं, आणि ज्यानं राज्यात राहावं म्हणून पायघड्या घालाव्यात ते उठून जातात. २०२२च्या सप्टेंबरात तळेगावचा म्हणून धरलेला वेदांता-फॉक्सकॉनचा १ लाख ५४ हजार कोटींचा चिपचा कारखाना गुजरातेत धोलेऱ्याला गेला. राज्यभर छाती पिटून झाली. जुलै २०२३मध्ये फॉक्सकॉनच त्या भागीदारीतून बाहेर पडलं. म्हणजे तो ना इकडे झाला ना तिकडे. आपल्याकडच्या दोन्ही बाजूंनी मात्र त्या न झालेल्या कारखान्यावर किमान दोन निवडणुकांचं भाषण चालवलं, तेव्हा रोजगारनिर्मिती झालीच नाही असं म्हणता येणार नाही. २०२५च्या जुलैत हिंजवडीतली कोंडी आणि चिखल बघून खुद्द अजित पवारांनीच कुरकूर केली, की आयटी पार्क इथून उठून बेंगळुरू-हैदराबादला चाललंय. तेव्हा पुणे जिल्ह्याचे पालकमंत्रीच ते. तक्रार कुणाकडे करायची होती, हे त्या सकाळी कळलं नाही.

रेल्वेचंही तेच. पुणे-नाशिक वेगवान रेल्वे नारायणगावावरून जाणार म्हणून जुन्नर तालुक्यात जमिनीचे भाव रुळांआधी धावले. मग खोडदच्या महाकाय रेडिओ दुर्बिणीला गाडीचा त्रास होईल असं निघालं आणि मार्ग शिर्डीकडे वळला. अब्जावधी वर्षांपूर्वी निघालेल्या लहरी ऐकायच्या, तर जुन्नरकरांनी थोडं गप्प बसायला नको? माळशेजमार्गे कल्याण-नगर रेल्वेची पाहणी तर इतक्या वेळा झाली, की पठारावरच्या माणसाला रेल्वे म्हणजे दुर्बीण लावून फिरणारी दोन माणसं असंच वाटत असावं. रेल्वे नाही, पण २०१८मध्ये जुन्नर पर्यटन तालुका जाहीर झाला. ते झकास झालं. आता इथून जाणाऱ्याला स्थलांतर म्हणतात आणि इथे येणाऱ्याला पर्यटन.

राज्याचा जमाखर्च या तालुक्याला नवा नाही. नाणेघाटात जा. घाटमाथ्यावर दगडी रांजण आहे, सातवाहनांच्या काळात त्यात जकात टाकत असं सांगतात. गुहेच्या भिंतीवर नागनिका राणीचा लेख. त्यात कोणत्या यज्ञाला किती गाई, किती घोडे, हत्ती, किती कार्षापणं दान दिली त्याची यादी. दोन हजार वर्षांपूर्वीही खर्चाची बाजू दगडात कोरलेली आणि जमेची बाजू रांजणात, झाकण नसलेल्या. भिंतीवर व्याजाचा उल्लेख नाही, एवढाच त्या सरकारचा मोठेपणा.

बरं, जाणारे सगळे जाऊनच राहतात असंही नाही. १८ जानेवारी १९८२ला गिरणी संप सुरू झाला, अडीच लाख कामगार, आणि महिने लोटले तसे घाटावरचे कामगार गावाकडे परतले. संपाचे पुढारी दत्ता सामंत यांनी तो कधी रीतसर मागे घेतलाच नाही. त्या हिशेबानं पठारावर बसलेला एखादा आजोबा अजून संपावर आहे. २०२०च्या टाळेबंदीत पुन्हा तेच. मुंबईकर आले, गावानं आधी शाळेत ठेवले, मग घरात घेतले. बंद घरांची कुलपं निघाली, पडक्या भिंतींना माती लागली. दोन-चार जणांनी डाळिंब लावू, शेळ्या पाळू असे बेतही केले. मग मे महिना आला, विहीर तळाला गेली आणि लोकल सुरू व्हायची वाट बघणं सुरू झालं. राज्याची तिजोरी कधी आटते ते पठाराला कळत नाही. मुंबई आटली की मात्र दुसऱ्या दिवशी एसटीला गर्दी होते.

खाली नारायणगावात, घाटापासून तासाभरावर, २०२३च्या जुलैत टोमॅटोच्या क्रेटला असे भाव आले, की तालुक्यातल्या शेतकऱ्याचे फोटो दिल्लीच्या वाहिन्यांवर झळकले. करोडपती झाला म्हणून! पुण्यातल्या काही सुशिक्षितांनी तेव्हा नोकरी सोडून जुन्नरला शेती घेण्याचं मनावर घेतलं होतं. सप्टेंबर उजाडला तेव्हा तोच टोमॅटो रस्त्यावर ओतायची पाळी. पठारावर ना जुलैचं सुख ना सप्टेंबरचं दुःख. पाणीच नाही तर टोमॅटो कुठला. वैराग्य यालाच म्हणत असतील.

मग या गावात राहिलंय काय? रंगदासस्वामींची यात्रा राहिलीय. हिवाळ्यात या एकदा. आमटी-भाकरीचा महाप्रसाद. कढया इतक्या मोठ्या की ढवळायला माणूस सगळ्या अंगाचा भार देतो. मसाल्याचा वास घाटात गाडी चढतानाच नाकात शिरतो. भाकरी कुस्करायची, वर आमटी ओतायची, घाम पुसायचा, पुन्हा हात पुढे. मुंबईकर, पुणेकर, चाकणकर सगळे हजर. न बोलावता येतात. हजारोंची पंगत उठते आणि कुणी म्हणत नाही की अनुदान थकलं. पदर आणि खिसा ज्याचा त्याचा.

सरकारची कढई याहून मोठी. फरक एवढा, की तिथे दर निवडणुकीला नव्या पंगती बसवतात आणि डाळ तेवढीच असल्यामुळे पाणी वाढवतात. आण्याची आमटी दाट लागते त्याचं कारण आता तुमच्या लक्षात आलं असेल. वाढवायला पाणी आणणार कुठून?

एवढं सगळं ऐकून कोथरूडचे स्नेही म्हणाले, "म्हणजे तुझं म्हणणं काय? राहावं की जावं?" त्यांना सांगितलं, तुम्ही गेलात तरी चालेल. तुमच्या जाण्यानं राज्याचा कर थोडा कमी होईल आणि पार्किंगला एक जागा होईल. पठारावरच्या माणसाला जाण्याची चैन परवडत नाही. तो आधीच गेलेला आहे, आणि नाव गावातच ठेवून गेलेला आहे. रेशनकार्ड आण्याला, सातबारा आण्याला, मतदारयादी आण्याला, घाम वाशीला. जनगणनेवाल्यांनी त्याला कुठं मोजावं हा त्यांचा प्रश्न. सरकारनं त्याला दोन्हीकडे मोजलं आहे. कर घेताना शहरात, मत घेताना गावात.

मत घेण्याची सोय तर उत्तमच असते. ग्रामपंचायतीची निवडणूक लागली की उमेदवार स्वतः मुंबईला जातो, चाळीत, झोपडपट्टीत, मार्केटच्या गाळ्यावर पाहुण्यांना शोधून काढतो. मतदानाच्या आदल्या रात्री घाटकोपरला, वाशीला गाडी उभी. चहा, वडापाव, माळशेजच्या पायथ्याला जेवण. वर्षभर ज्याला गावात थांबवायला कुणाकडे दमडी नव्हती, त्याला एका रात्रीसाठी गावात न्यायला कितीही डिझेल निघतं. संध्याकाळी बोटाला शाई लावून मंडळी परत गाडीपाशी जमतात. ड्रायव्हर कधी चावी लावतो, कधी नाही. परतीच्या डिझेलचं निकालावर ठरलेलं असतं.